गॅरिबाल्डींच्या घोट्यातली गोळी काढायला ८६ दिवस का लागले?

इतिहासवाचक (प्रश्न):
२९ ऑगस्ट १८६२ रोजी आस्प्रोमोंते येथे इटलीच्याच सैन्याशी झालेल्या चकमकीत इटलीच्या एकीकरणासाठी लढणारे सेनानी जुझेप्पे गॅरिबाल्डी यांच्या उजव्या घोट्यात गोळी घुसली आणि ती थेट २३ नोव्हेंबरला पिसा येथे काढली गेली. मधल्या काळात युरोपातील नामवंत शल्यचिकित्सकांनी जखम पाहूनही गोळी आत आहे की नाही, यावरच त्यांचे एकमत होईना, हे कसे? आणि सांध्यात गोळी लागली की पाय कापण्याचा त्या काळचा प्रघात असताना हा पाय वाचला कसा?

जुनी_शलाका:
क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा आहे. त्यापूर्वी जखमेत बोट किंवा धातूची शलाका घालून चाचपडण्यावाचून उपाय नव्हता, आणि घोट्यासारख्या हाडांच्या गर्दीत शलाकेला टक्कन लागणारी वस्तू हाड आहे की शिसे, हे नुसत्या स्पर्शाने ठरवणे कठीणच. लंडनहून आलेल्या पार्ट्रिज यांनी गोळी आत नसल्याचा निर्वाळा दिला. रशियाच्या पिरोगोव्ह यांचे मत नेमके उलट होते, मात्र घाई करू नये असेही त्यांनी बजावले. पॅरिसच्या नेलातों यांनाही गोळी आतच असल्याची खात्री होती, पण पुरावा हवा होता. त्यासाठी त्यांनी टोकाला झिलई न दिलेल्या चिनी मातीचा मणी असलेली शलाका योजली. मणी शिशावर घासला तर त्यावर काळसर रेघ उमटते, हाडावर घासला तर उमटत नाही. पिसा येथे ही रेघ उमटली आणि इटालियन शल्यचिकित्सक त्झानेत्ती यांनी गोळी काढली. इतकी साधी युक्ती आधी कोणाला सुचली नाही, याचेच मला नवल वाटते.

अस्थिशल्यक:
पाय कापण्याचा विचार तेव्हाही झाला होता. सांधा उघडा पडला की पू होतो आणि पू रक्तात भिनला की रुग्ण दगावतो, असा त्यामागचा अनुभव होता. ब्रिटिश शल्यचिकित्सक लिस्टर यांचे कार्बोलिक आम्लाने जखम निर्जंतुक ठेवण्याचे प्रयोग १८६७ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे १८६२ मध्ये न धुतलेली बोटेच जखमेत जात होती. त्यामुळे पाय वाचण्यात कौशल्याइतकाच नशिबाचा वाटा होता, असे मी म्हणेन.

आज आम्ही आधी गोळी शोधत नाही. पावलातील नाडी लागते का, ते पाहतो. मुख्य रोहिणी तुटली असेल तर साधारण सहा तासांच्या आत रक्तपुरवठा पूर्ववत करावा लागतो, अन्यथा स्नायू मरू लागतात. त्यानंतर जखम धुणे, मेलेली ऊती व आत गेलेले कापडाचे तुकडे काढणे आणि मोडलेले हाड बाहेरून सळ्यांच्या चौकटीने स्थिर करणे ही कामे येतात. मोठी, मळलेली जखम लगेच शिवत नाहीत. गोळी उष्णतेने निर्जंतुक होते, हा समज चुकीचा आहे. स्नायूत रुतलेली गोळी त्रास देत नसेल तर बहुधा तशीच ठेवतात. सांध्यातली मात्र काढतात, कारण सांध्यातील द्रवात शिसे हळूहळू विरघळते, कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) झिजते आणि शिसे रक्तातही उतरते. त्या दृष्टीने त्झानेत्ती यांचा निर्णय आजही योग्यच ठरेल.

इतिहासवाचक:
आभारी आहे. पुढे ते चालू शकले का?

जुनी_शलाका:
हो, पण लंगडत. १८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात ते पुन्हा स्वयंसेवकांचे सेनापती होते. तेव्हा मांडीला गोळी लागली आणि बेझेक्काची लढाई त्यांनी घोडागाडीत बसून चालवली.