थायरॉईडच्या ऑपरेशननंतर आवाज खाली उतरलाय, चर्चमध्ये परत गायला उभं राहावं का?

काळीचार_बेळगाव

नमस्कार सगळ्यांना. इथं पहिल्यांदाच लिहितोय. (मी बाई आहे, पण आमच्या बेळगावात बायकापण गेलो-आलोच म्हणतात, तर तसंच लिहितो.)

आमच्या चर्चच्या मराठी उपासनेला मी बावीस वर्षं गातोय. बाबा पेटीवर बसायचे, मी बाजूला उभं राहून पहिली ओळ उचलायची आणि मग सगळी मंडळी मागनं. माझी पट्टी काळी चार (पेटीवरची चौथी काळी, तिलाच सा धरून गायचं). लग्नाआधी काळी चार, दोन बाळंतपणांनंतरपण काळी चारच. बाबा चार वर्षांमागं गेले, आता त्यांच्या जागी त्यांनीच शिकवलेला एक पोरगा वाजवतोय.

मागच्या वर्षी मानेला गाठ लागली. तपासणीत थायरॉईडचा कॅन्सर निघाला. सगळी ग्रंथी काढली. कॅल्शियम खाली गेल्यामुळं पहिले काही दिवस बोटांना आणि ओठांभोवती नुसत्या मुंग्या, पेटीवर हात ठेवला तर पट्टी कुठली ते कळेना. ते औषधानं बरं झालं. मग आयोडीनचा डोस. त्याच्या आधी दोन आठवडे आयोडीनचं मीठ बंद, मासे अंडी दूध सगळं बंद, आणि डोस दिला की एकटीला खोलीत ठेवतात कारण अंगातनं किरणं बाहेर पडत असतात, जेवण पण दाराशी ठेवून जातात. आत नेलेली वस्तू परत नेता येईलच असं नाही असं आधीच सांगितलेले, म्हणून मी पोराची एक शंभर पानी वही आणि पेन्सिल तेवढी घेऊन गेलो. गाता येत नव्हतं म्हणून चित्रं काढत बसलो. मला चित्र येत नाही, शाळेत पण कधी आलं नाही. पण तीन दिवस काढतच होतो, खिडकीचे गज, स्टीलचं ताट, आंबट गोळ्यांचे चुरगाळलेले कागद (लाळेच्या ग्रंथी सुकू नयेत म्हणून चघळायला सांगतात), आणि माझाच डावा हात, परत परत. बाहेर पडताना त्यांनी मीटर लावून सगळं तपासलं. वहीवर मीटर वाजलं. वही तिथंच राहिली.

आता रिपोर्ट चांगले आहेत, रोज सकाळी उपाशीपोटी गोळी आणि तासभर चहा नाही एवढंच. बोलताना कुणाला काही कळत पण नाही. पण गायला लागलो की पंचमाच्या वर नुसता वारा निघतोय, वरचा सा नाहीच.

आणि आता मंडळीतले सगळे मागं लागलेत की नाताळच्या आधी एका रविवारी उभी राहून साक्ष दे, देवानं तुझ्यात चमत्कार केला ते सांग, आणि तुझं नेहमीचं गाणं गा. मी देवाचे उपकार मानत नाही असं नाही हो. रात्री पोरं झोपली की त्यांच्याकडं बघत बसतो आणि मनातल्या मनात तेच म्हणतो. पण चमत्कार हा शब्द तोंडात आला की घशातच अडकतोय, कारण जीव वाचला आणि ज्यानं मी देवाशी बोलायचो तेच गेलं. आजारातनं उठलेल्या माणसानं रडावं का, हा पण एक प्रश्नच आहे. तुमच्यात कुणाचा आवाज असा गेला आणि परत आला काय? आणि नसेल आला तर तुम्ही काय केलासा?

---

मिरजेची_तार

ताई, मी चर्चचा नाही, माझं घर तंबोरे दुरुस्त करायच्या धंद्यात आहे म्हणून माझ्या बाजूनं सांगतो.

एखादी गाणारी बाई येते आणि म्हणते तंबोरा काळी चारवरनं काळी दोनला उतरवून द्या. लोकांना वाटतं खुंटी सैल केली की झालं. तसं होत नाही. तार सैल पडली की घोडीवर (तारा ज्यावर टेकतात तो तुकडा) नीट बसत नाही, आवाज बसका आणि मेलेला येतो. मग तार जाड घालावी लागते आणि घोडीवर तारेखाली जो सुताचा दोरा असतो तो केसाएवढा पुढं मागं सरकवत बसावं लागतं, कधी अर्धा दिवस जातो, जव्हारीच (घोडीचा वरचा घासून केलेला भाग) परत घासायला लागली तर दोन दिवस. आणि एका क्षणाला ती झंकार एकदम उघडते. तो जुना आवाज नसतो. पण बाई डोळे मिटून ऐकते आणि म्हणते हां, हा माझा. तुम्ही आत्ता नुसती खुंटी सैल केलीय, दोरा अजून सरकवलेला नाही.

आणि गायक कुमार गंधर्व, आमचे कुमारजी, तर तुमच्याच मातीतले, सांबऱ्याच्या पुढचं सुळेभावी. 1924 चा जन्म. लहानपणी सगळा देश त्यांना डोक्यावर घेऊन नाचला, आणि ऐन तेविशी-चोविशीत क्षय झाला. हवेसाठी 1948 ला देवासला गेले आणि वर्षानुवर्षं गायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नवीन होतं त्यानं वाचले, पण एक फुफ्फुस निकामीच झालं. अंथरुणावर पडून ते ऐकत होते, रस्त्यानं जाणाऱ्या बायकांची माळव्यातली गाणी, भिक्षा मागणाऱ्यांची निर्गुणी भजनं. 1953 ला परत गायला बसले तेव्हा लांबलचक दमसास उरलेला नव्हता, छोटे छोटे तुकडे, मध्ये मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेतच त्यांचं गाणं आहे असं मला वाटतं. माझ्या आजोबांना ते आधीचं आवडायचं. मला नंतरचं.

---

स्वरउपचार_हुबळी

मी वाचा आणि आवाजाच्या उपचाराचं काम करते, म्हणून थोडं कामाचं. थायरॉईडला लागून दोन वेगवेगळ्या नसा जातात. एक स्वरतंतू हलवते, तिला धक्का बसला की बोलतानाच आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. दुसरी ग्रंथीच्या वरच्या टोकाजवळनं जाते आणि स्वरतंतू ताणणारा एक छोटा स्नायू चालवते. बोलणं ठीक पण वरचे सूर गेले म्हणजे बऱ्याचदा या दुसरीचा प्रश्न असतो, आणि तो साध्या तपासणीत सुटून पण जातो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दुर्बिणीनं बघायला सांगा आणि मी गाते, वरचे सूर जात नाहीत असं स्पष्ट सांगा, नुसतं आवाज गेला म्हणू नका.

ऑपरेशनला किती महिने झाले ते लिहिलं नाही तुम्ही. नस नुसती दुखावली असेल तर पहिल्या वर्षात बरंच परत येतं, म्हणून आत्ताच सोडून देऊ नका. तोवर वरच्या सुराला जोर लावून ढकलू नका आणि कुजबुजत पण बोलू नका, त्यानं घसा उलट ताणतो. खालच्या पट्टीत ओठ मिटून गुंजन करा, पाच पाच मिनिटं, दिवसातनं चार-पाच वेळा. आणि थेरपी घ्या प्लीज. वाचलात ना मग आवाजाचं काय घेऊन बसलात असं नातेवाईक पेशंटला म्हणतात तेव्हा मला खूप राग येतो. आवाज हे पण शरीरच आहे, त्याला पण बरं व्हायचा हक्क आहे.

---

तिसरा_बाक

बहिणी, मी निपाणीचा. लिहू का नको दोन दिवस विचार करत होतो.

माझी बायको तीन वर्षांमागं गेली, तिला पण कॅन्सरच, दुसऱ्या जागचा. तिच्यासाठी मंडळीनं उपास केले, साखळी प्रार्थना केली, पाळकसाहेब पहाटे तीनला घरी आलेत. कुणी काही कमी केलं नाही. ती गेली. त्यानंतर एका रविवारी एक भाऊ साक्षीला उभा राहिला, आम्ही विश्वासानं मागितलं म्हणून देवानं माझ्या आईला उठवलं म्हणाला. खरंच बोलत होता तो, त्याचा आनंद खरा होता, माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही. पण मी तिसऱ्या बाकावर पोरीला मांडीवर घेऊन बसलो होतो आणि पोरीनं विचारलं, पप्पा आपण विश्वासानं नव्हतं मागितलं काय? मी तिला घेऊन बाहेर आलो. सहा महिने गेलो नाही परत.

म्हणून तुझ्या घशात तो शब्द अडकतोय ना, तो अडकू दे. मला वाटतं तो देवानंच अडकवलाय. प्रत्येक मंडळीत एक तिसरा बाक असतो.

मला परत कशानं आणलं ते सांगतो. स्तोत्र 88. बाकीच्या विलापांत शेवटी शेवटी तरी कुठंतरी उजेड येतो, स्तुती येते. या स्तोत्रात येत नाही, ते अंधारातच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, गायनासाठी म्हणून आहे, कुणी काढून टाकलं नाही. ते मी बायकोच्या पेटीवर (तिची होती, माझी नव्हे, मला धड वाजवता येत नाही) सा आणि प धरून नुसतं म्हणत बसायचो. चाल नाही, काही नाही. रडणं पण त्यातच. प्रेषित पौलानं अंगातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो काटा काही निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं. तो पुढं लिहीतच राहिला.

गा बहिणी. साक्ष नको देऊ, पण गा. उतरलेल्या आवाजात गा. तसलं गाणं माझ्या पोरीला ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

---

खानापूरचा_पाऊस

वरचं वाचून काही सुचेना. मी कॅथलिक, आमच्याकडं साक्षीची पद्धत तशी नाही, त्यामुळं त्यावर बोलत नाही. पण ती वही माझ्या डोक्यातनं जात नाही.

फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण तुम्हाला ठाऊक असेल. इंग्लंडचा माणूस गोव्यात येऊन मराठीत ओव्या लिहितो, जवळपास अकरा हजार, आणि 1616 ला रायतूरला ते छापलं गेलं. पुढं आणखी दोनदा छापलं. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकसुद्धा प्रत आज हाताशी नाही. राहिलं ते लोकांनी हातानं उतरवून काढलेल्या पोथ्यांमुळं. छापलेलं गेलं आणि हातानं लिहिलेलं राहिलं, मला हे फार मोठं वाटतं.

तर ताई तीच चित्रं परत काढा. आठवणीतनं. तोच हात, तेच गज. आणि चित्र येत नाही म्हणू नका, तीन दिवस एकच हात परत परत बघणं म्हणजे चित्रकलाच की. आंजेलो द फोन्सेका म्हणून गोव्याचे एक चित्रकार होते, शांतिनिकेतनला शिकलेले, त्यांनी मारियेला, येशूच्या आईला, साडी नेसवली, आपल्या घरातल्या बाईसारखी काढली. तेव्हा त्यांच्याच लोकांनी नावं ठेवली, मग ते पुण्यात एका ख्रिस्ती आश्रमात राहून 1967 ला जाईपर्यंत काढतच राहिले. आमच्या घरी त्यांच्या एका मारियेचं कॅलेंडरातनं कापलेलं चित्र आहे, आई ताप आला की त्याच्यासमोर बसायची. स्टीलचं ताट आणि गोळ्यांचे कागद काढलेलं चित्र मी तरी प्रार्थना म्हणूनच बघेन.

---

कॅम्पातली_आक्का

अगं बाळा तुझे बाबा कोण ते मला पेटीवरनं ओळखू आलं. नाव नाही लिहीत.

एक सांगतो. आमच्या गायनाच्या पुस्तकात दोन तऱ्हेची गाणी आहेत, एक इंग्लिश चालीवरची, ती वर जातात, त्याला तुझी काळी चार लागायची. आणि दुसरी आपली देशी. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग ओव्या भजनं लिहिली ती काय एकट्या बाईनं वरचा सा लावावा म्हणून नव्हे. तुकारामाच्या वाटेनं आलेला माणूस तो, त्याला माहीत होतं भजन म्हणजे एकानं धरायचं आणि दहानं झेलायचं. टाळ घेऊन जमिनीवर बसून म्हणायचं. तुझे बाबा पण शेवटी शेवटी दमा वाढल्यावर अर्धीच ओळ म्हणायचे आणि हात वर करायचे, उरलेली आम्ही म्हणायचो, तू तेव्हा पुढं तोंड करून उभी असायचीस म्हणून तुला दिसलं नाही.

शनिवारी सराव आहे साडेपाचला. बायका सगळ्या येतात. नुसती बस येऊन. साक्षीचं मी पाळकसाहेबांशी बोलतो, ते समजून घेतील.

---

काळीचार_बेळगाव

आक्का, बाबा हात वर करायचे ते मला खरंच माहीत नव्हतं. रात्रभर तेच डोक्यात.

ताई (हुबळीच्या), ऑपरेशनला सात महिने झालेत. पुढच्या आठवड्यात दुर्बिणीची तपासणी ठरवलोय, तुम्ही सांगितलासा तसंच सांगतो त्यांना.

शनिवारी गेलो. मागं दाराजवळ बसलो आधी. पोरानं बघितलं, काही विचारला नाही, उठून पेटीची पट्टी सरकवली (स्केल चेंजरची पेटी आहे ती, बोटं तीच ठेवून सूर बदलता येतो). काळी दोनला आणला. मग त्यानं देशीतलंच एक काढलं आणि माझ्याकडं बघत थांबून राहिला. मी उठलो नाही, बसल्या जाग्यावरनंच पहिली ओळ घेतलो. अर्ध्यात वारा आला. मी हात वर केलो.

बायकांनी उचललं.

निपाणीच्या भाऊ, साक्ष देत नाही. त्या रविवारी खाली बसूनच भजन आहे आमचं, टाळ घेऊन, पाळकसाहेब हो म्हणालेत. निपाणीहून बेळगावला एसटी भरपूर आहेत. पोरीला घेऊन या. मी तिच्याजवळच बसतो.

वही नवीन आणलोय. डावा हात पहिल्या पानावर काढलोय, करंगळी अजून नीट येईना.