जुने मराठी इंद्रजाल: दर्जा कसा ठरवायचा?

पिंपळपार

नमस्कार मंडळी. सातारला मामांच्या घराची आवराआवर चालू आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत मराठी इंद्रजाल कॉमिक्स निघाली. बरीचशी वेताळ (म्हणजे फँटम) आणि जादूगार मँड्रेकची, थोडी बहादूरची, तळाला काही अमर चित्र कथा. बहुतेकांच्या पिना गंजल्यात, कित्येकांवर मामांनी शाईने नाव घातलंय, आणि एक गठ्ठा बाइंड केलेला आहे. एका विक्रेत्याने फोटो बघून सांगितलं, "सगळा माल ८ ग्रेडचा आहे, अमेरिकेला पाठवून सर्टिफिकेट घ्या, फाटलेल्यांना लॅमिनेशन मारा." मला विकायचं नाही, पण हाती काय आहे ते कळायला हवं आणि ते टिकायला हवं. शिवाय ४४३ नंतरचे क्रमांकच नाहीत, पुढच्या अंकांवर 'वर्ष २०' अशी मांडणी दिसते. मधले गहाळ झाले का?

वेताळटेकडी

आधी लॅमिनेशनचं. कृपा करून एकाही अंकाला करू नका. गरम प्लॅस्टिकचा गोंद कागदात मुरला की तो परत निघत नाही. संग्राहकाच्या लेखी ती प्रत संपली. चिकटपट्टीचंही तेच, आज पारदर्शक दिसते, काही वर्षांनी पिवळा तेलकट डाग सोडून गळून पडते. फाटलंय ते फाटलेलं राहू द्या.

गहाळ काही नाही. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू झालं, सलग क्रमांक ४४३ पर्यंत चालले, मग १९८३ पासून वर्ष आणि अंक अशी मोजणी आली. १९६४ हे पहिलं वर्ष धरलं की १९८३ विसावं येतं. १९९० ला मालिका बंद झाली. तुमचे बहादूरचे अंक डिसेंबर १९७६ च्या आधीचे असूच शकत नाहीत, कारण आबिद सुरतींचा बहादूर तेव्हाच आला. चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. पहिले ३२ अंक निव्वळ वेताळचे. त्यांतला एखादा पेटीत असेल तर तो आजच वेगळा काढा.

आता ग्रेड. अमेरिकन मोजपट्टी १० पर्यंत जाते. ८ म्हणजे जवळजवळ दुकानातून आणल्यासारखी प्रत: कडा धारदार, रंग ताजे, स्पाइनवर, म्हणजे पिना असलेल्या कडेवर, फार तर दोन-चार बारीक रेघा. पिनेचा गंज कागदावर उतरलेली प्रत तिथे पोचत नाही. मुखपृष्ठ पूर्ण सुटलं असेल तर २ च्या आसपास. मधलं पान नसेल तर मुखपृष्ठ कितीही देखणं असो, प्रत तळाला. फोटोवरून सरसकट ८ सांगणाऱ्याने एकही अंक उघडून पाहिलेला नाही, एवढंच त्यातून कळतं.

तिकडच्या कंपन्या, म्हणजे २००० साली सुरू झालेली, फ्लोरिडाची सीजीसी वगैरे, अंक तपासून आकडा देतात आणि कडक प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करतात. लाखाच्या व्यवहारात अनोळखी माणसांना एकमेकांवर विश्वास ठेवता यावा म्हणून ही सोय. मराठी वेताळला दोन्हीकडचं कुरियर, विमा आणि फी घालून काय मिळवायचं? सील केलेला अंक वाचताही येत नाही. मला हे मनापासून पटत नाही. मामांनी जे वाचलं ते तुमच्या मुलांनाही उघडता आलं पाहिजे.

त्याऐवजी शब्दांत नोंद करा. माझ्या वहीतली एक नोंद देतो:

"मँड्रेक. पानं पूर्ण, मधलं पान दोन्ही पिनांवर घट्ट. वरची पीन गंजलेली, डाग मुखपृष्ठावर तांदळाएवढा. मलपृष्ठावर वाचनालयाचा शिक्का. कोडं पेन्सिलीने सोडवलेलं. कागद पिवळसर पण लवचिक, कोपरा दुमडला तर तुटत नाही. कसर (कागद खाणारी कीड) लागलेली नाही."

यातून समोरच्याला ८ किंवा ४ पेक्षा कितीतरी जास्त कळतं. पानं मोजायला मात्र विसरू नका. अंक रोजच्या भाड्याने फिरायचे, हातोहात वाचले जायचे. त्यात मधली पानं सगळ्यात आधी जायची. मामांचं नाव खोडू नका. आकड्याच्या हिशेबात तो दोष धरतात, पण हा अंक कुणी जपला ते सांगणारी दुसरी खूण त्यावर नाही.

पिना स्वतः काढू नका, कागद पिनेपाशीच सगळ्यात कुजलेला असतो. पेटी मात्र आधी रिकामी करा. पत्रा दिवसा तापतो, पावसाळ्यात आतून घाम धरतो. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी (पीव्हीसी नको), मागे आम्लमुक्त पुठ्ठा, आणि अंक उभे, फार दाटीने नाही. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नयेत.

कृष्णाकाठ

अमर चित्र कथांबद्दल थोडं. मालिका १९६७ ची, संपादक अनंत पै, प्रकाशक इंडिया बुक हाउस. पण पुनर्मुद्रणं इतकी झाली की आतलं मूळ साल बघून अंक जुना ठरवता येत नाही. प्रकाशकाचा पत्ता बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. नुसतं 'मुंबई २६' असेल तर छपाई बहुधा त्याआधीची किंवा त्याच सुमाराची. '४०० ०२६' असेल तर नक्की नंतरची. मागच्या पानावर बाकीच्या पुस्तकांची यादी असेल तर त्यातलं शेवटचं नाव शोधा, तुमची प्रत त्याच्याआधी छापलेली नसते. इंग्रजीत 'कृष्ण' मूळ ११ क्रमांकाचं, पुढच्या आवृत्त्यांवर ५०१ आहे, तीही एक खूण.

पिंपळपार

दोघांचेही आभार. रात्री पाहिलं, एका 'प्रल्हाद'वर पिनकोड नाही! बाइंड केलेल्या गठ्ठ्याचं काय करू? सोडवून घेतला तर सुटे अंक मिळतील.

वेताळटेकडी

'प्रल्हाद' जपा, छान सापडला. बाइंडिंग सोडवू नका. बाइंडरने बहुतेक तिन्ही कडा कापलेल्या असतात. सुट्या अंकाशेजारी ठेवून उंची ताडून बघा, दोऱ्याएवढा फरक सापडेल. कापलेली कड परत येत नाही आणि शिवणीची भोकं कायम राहतात, त्यामुळे सुटे करून त्यांचा दर्जा वाढत नाही. उलट पुठ्ठ्याच्या आतली मुखपृष्ठं उजेडापासून वाचलेली असतात, रंग बघाल तर सुट्यांपेक्षा उजळ निघतील. आधी फक्त एवढं तपासा की बाइंडरने मुखपृष्ठं ठेवली आहेत का. काही जण ती काढून टाकायचे. असतील तर क्रमांक उतरवून घ्या आणि इथे टाका. पहिल्या शंभरातले असतील तर मला ती यादी बघायचीच आहे.