मॅनिकिन आला, पण शिकवणार कोण?

महागडा मॅनिकिन (रुग्णाचा पुतळा) आणला की सिम्युलेशनचं, म्हणजे डॉक्टर-नर्सना बनावट प्रसंगातून शिकवण्याचं काम झालं, असं म्हणतात; हे मत काही पटलं नाही. 1960 साली आलेल्या साध्या 'रिससी अ‍ॅन' या सरावाच्या पुतळ्यावरही हृदय बंद पडलेल्या मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंमी, मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने दाबायला झकास शिकवता येतं. घोडं अडतं ते नंतरच्या डीब्रीफिंगला, म्हणजे काय घडलं यावरच्या चर्चेला. प्रसंग संपला रे संपला की आम्ही सीनियर भाषण ठोकतो, मीही ठोकायचो. डीब्रीफिंगच्या प्रशिक्षणात ती खोड मोडली. "अ‍ॅड्रेनलिन उशिरा का दिलंस?" असं नाही, तर "चौथ्या मिनिटाला दिलंस, तोवर मनात काय चाललं होतं?" असं विचारायचं आणि गप्प बसायचं. (वॉर्डात ही सवय कुणाला!) एकदा तसा थांबलो, तेव्हा कळलं: त्या शिकाऊ मुलीला औषध, डोस सगळं ठाऊक होतं, ते भरायला सांगायचं कुणाला, हेच टीममध्ये ठरलं नव्हतं.