ब्लॉकमध्ये किल्ला बांधायचा तर सॉफ्टवेअर हवं की चौकटीची वही?

तटाखालचा (मालवण)
माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या गेममध्ये सिंधुदुर्ग बांधतोय, १ मीटरला १ ब्लॉक या हिशेबाने. तट साधारण ३ किलोमीटर लांब, ९ मीटर उंच, जाडी ४ मीटर धरली. गुणाकार केला तर नुसत्या तटाला १,०८,००० ब्लॉक लागतात! तीनदा आराखड्याशिवाय सुरुवात केली आणि तिन्ही वेळा तट फिरून दरवाजापाशी जुळलाच नाही. शेवटच्या वेळी ११ ब्लॉक बाहेर गेला. दोन महिन्यांची मेहनत पाडावी लागली.

माझं स्पष्ट मत आहे की एवढ्या कामाला सॉफ्टवेअरच हवं. लाइटमॅटिका हा मॉड, म्हणजे गेमला वरून जोडायचा प्रोग्राम, बघा. आधी केलेला आराखडा तो गेममध्ये पारदर्शक सावलीसारखा दाखवतो, एकेक थर वेगळा बघता येतो, चुकीचा ब्लॉक लगेच दिसतो आणि सामानाची यादीही तयार मिळते. तुम्ही कशावर आखता?

जांभा_चिरा (लांजा)
माझे बाबा चिऱ्याचे गवंडी. दोरी, ओळंबा आणि खिशात एक वही, एवढ्यावर त्यांनी घरं उभी केली. सांधमोड, म्हणजे वरच्या चिऱ्याचा सांधा खालच्या सांध्यावर न येऊ देणं, कुठे येणार हे चिरा उचलण्याआधी त्यांना ठाऊक असतं. सावलीवर ब्लॉक ठेवत गेलात तर किल्ला उभा राहील, पण बुरूज गोल का दिसतो हे हाताला कधीच कळणार नाही.

चौकटीच्या वहीत २१ ब्लॉक रुंदीचा बुरूज काढून बघा. वरच्या कडेला मधोमध ७ चौकटी सरळ. मग उजवीकडे एक पायरी खाली २, मग १, १, १ तिरक्या, मग २ उभ्या आणि शेवटी ७ उभ्या. पाव भाग झाला की तोच चारदा फिरवायचा. एकदा हाताने काढलात की जन्मभर विसरणार नाही.

बांधावयलो (वेंगुर्ला)
तुमचा म्हणणा माका पटना नाय. दोघांचाय. लाइटमॅटिका फक्त जावा आवृत्तीत चालता, म्हणजे कॉम्प्युटर होयो. आमच्याकडे पोरांच्या हातात मोबाईल आसा, आणि मोबाईलवर चालता ती गेमची दुसरी आवृत्ती, बेडरॉक. त्येंका काय सांगतलास?

खाडीपलीकडची (रत्नागिरी)
वेंगुर्ल्याच्या दादांचा प्रश्न रास्त आहे. प्लॉट्झ हे आकार आखायचं साधन ब्राउझरमध्ये उघडतं, त्यात गोल आणि घुमट थराथराने दिसतात. गेम मोबाईलवर असला तरी ते बघून बांधता येतं. लुआंटी हा तसाच ठोकळ्यांचा गेमही आहे, पूर्वीचं माइनटेस्ट, २०२४ मध्ये नाव बदललं. तो अँड्रॉइडवर फुकट मिळतो.

पण जांभा_चिरा, वहीचं कौतुक मला पटत नाही. बुरूज वहीत मावतो, ३ किलोमीटरचा तट मावत नाही. सिंधुदुर्गाचा तट बेटाच्या खडकाप्रमाणे वळतो, त्याला एक त्रिज्याच नाही. पानामागून पान जोडताना एक चौकट सरकली की तीच ११ ब्लॉकची चूक परत होणार. माझ्या भाच्याची अख्खी वही पावसात पागोळीखाली भिजली, शाई फुटली, सगळं गेलं. फाईलची निदान दुसरी प्रत ठेवता येते.

जांभा_चिरा
ताई, वही भिजते हे मान्य. पण फाईलमध्ये पहिलं माप घालणार कोण? चुकीच्या नकाशावरून आखलंत तर सावलीही चुकीचीच पडणार, आणि ती इतकी नेटकी दिसते की कुणाला संशयसुद्धा येणार नाही. दरवाजाचंच घ्या. दोन बुरुजांच्या वळणात तो असा लपवलाय की समोरून होडी आली तरी दिसत नाही. ते वळण वरून काढलेल्या फोटोत कळत नाही, तिथे चालावं लागतं.

तटाखालचा
हे मात्र लागलं. माझ्या तिन्ही चुका दरवाजाच्याच अंगाला झाल्या होत्या, आणि तिन्ही वेळा मी फोटोवरूनच माप घेतलं होतं.

तरी सॉफ्टवेअर सोडणार नाही. १,०८,००० ब्लॉक म्हणजे गेममधल्या ६४-६४ ब्लॉकच्या १,६८७ गड्ड्या आणि वर अर्धी. हा हिशेब वहीत ठेवायचा तर बांधायचं कधी? पावसामुळे होड्या बंद आहेत. सुरू झाल्या की मोजपट्टी घेऊन जातो. जांभा_चिरा, टेपचं दुसरं टोक धरायला याल का?

जांभा_चिरा
येतो. वहीसुद्धा आणतो, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.