३० × ३० × ३ मीटरचं शेततळं: जेसीबी लावावा की पोकलेन? तास किती धरायचे?

माळरान_सांगोला

डाळिंबाच्या बागेसाठी ३० × ३० × ३ मीटरचं अस्तरीकरणाचं (आत प्लास्टिकचा कागद अंथरलेलं) शेततळं खोदायचं आहे. विहिरीचं पाणी उपसून भरणार, ओढ्याचं पाणी आत घ्यायचं नाही. माळाची जमीन आहे. वर फूटभर माती, खाली मुरूम. शेजारच्या विहिरीच्या कडेला ८-९ फुटांवर मांजऱ्या (बारीक छिद्रांचा) खडक दिसतो. जेसीबीवाला शंभर तास सांगतो, पोकलेनवाला चाळीस. पोकलेनचा तासाचा दर जेसीबीच्या दुपटीहून थोडा जास्त, शिवाय ट्रेलरचं भाडं वेगळं. दोघांचेही आकडे खरे असू शकतात का? काम तासावर द्यावं की उक्तं (तास न मोजता, कामावर ठरवून)? बाजूचा उतार १:१ ठेवायचा आहे.

बूम_आर्म_बकेट

दादा, दोन्ही आकडे खरे आहेत. हिशोब मांडून बघा.

१:१ उतार (३ मीटर खोलीला ३ मीटर आत) धरला की वर ३० × ३० आणि तळ २४ × २४ राहतो. खोदाई २,१९६ घनमीटर, म्हणजे साधारण ७७५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). हे जाग्यावरचं माप आहे. मुरूम उकरला की फुगतो, ढिगात तो सव्वापट दिसतो.

वीस टनी पोकलेनची बकेट ०.९ घनमीटरच्या आसपास असते. भरणे, फिरवणे, ओतणे, परत येणे यात २० सेकंद जातात. तासातली ५० मिनिटं खरं काम धरलं आणि फुगवटा वजा केला तर कागदावर शंभरेक घनमीटर निघतात. तळ्यावर मात्र ५५ ते ६५ धरा, कारण माती दोनदा उचलावी लागते. मशीनचा हात जेमतेम साडेनऊ मीटर पोचतो आणि तुमचं तळं ३० मीटर रुंद आहे. मधली माती एका दमात काठावर जाणारच नाही. म्हणून ३५ ते ४० तास.

जेसीबीच्या मागच्या बकेटमध्ये पाव घनमीटरच माती येते. शिवाय दर चार-सहा बकेटांनंतर जॅक उचला, गाडी सरकवा, जॅक परत टेका. मागचा हात पूर्ण गोल फिरत नाही, त्यामुळे माती बाजूलाच पडते आणि तीच पुन्हा ढकलावी लागते. तासाला २० ते २५ घनमीटर, म्हणून ९० ते ११० तास.

पैशात फरक फार पडणार नाही, पण खाली मांजऱ्या आहे म्हणता तर पोकलेनच घ्या. त्या खडकाला जेसीबीचे दात नुसते घासतात, सांध्यांतले पिना-बुश ढिले होतात आणि तासांचा मीटर पळत राहतो. जेसीबी दोन कामांना बोलवा. सुरुवातीला पुढच्या बकेटने वरची माती सोलायला आणि शेवटी चर काढायला. वरची फूटभर माती सोलली तरी २७० घनमीटर होते. ती वेगळ्या ढिगात ठेवा. एकदा मुरमात मिसळली की वाया गेली.

आणि ट्रेलरचं भाडं देण्याआधी त्याच जेसीबीकडून तळ्याच्या मध्यभागी सव्वातीन मीटर खोल चाचणी खड्डा काढून घ्या. विहिरीच्या कडेला दिसणारा थर तळ्याखाली त्याच खोलीवर असेल असं नाही. आपल्याकडचे लाव्ह्याचे थर पन्नास फुटांत वर-खाली होतात. खड्डा तळ्याच्या आतच असल्यामुळे ती खोदाई फुकट जात नाही.

तास_आणि_डिझेल

वरच्या हिशोबात एक भर घालतो. माती दोनदा उचलायची नसेल तर ट्रॉल्या आत घ्या. तळ्याच्या एका बाजूला ४ मीटर रुंद, १८-२० मीटर लांब उतरंड ठेवायची. पोकलेन वरच्या टप्प्यावर, ट्रॅक्टर-ट्रॉली दीड मीटर खालच्या टप्प्यावर. बकेट वर उचलावीच लागत नाही, ६०-७० अंश फिरली की ट्रॉलीत रिकामी. १८० अंश फिरायच्या तुलनेत प्रत्येक फेरीत पाच-सहा सेकंद वाचतात आणि दिवसभरात हजाराच्या वर फेऱ्या होतात. ट्रॉल्या तीन तरी लागतात. दोनच असतील तर पोकलेन उभा राहून डिझेल जाळतो. उतरंड शेवटी मागे सरकत-सरकत खोदून काढायची.

तासावर की उक्तं? चाचणी खड्ड्यात नुसता मुरूम निघाला तर उक्तं द्या, घनमीटरवर. खडक निघाला तर मुरूम उक्ता आणि खडक तासावर, असं आधीच बोलून ठेवा. खडकासकट सगळं उक्तं दिलं की ऑपरेटर खडक लागला तिथे थांबतो आणि 'तीन मीटर झालं' म्हणतो. त्यात त्याचा दोष नाही, ठरावच चुकीचा असतो.

तासावर काम असेल तर सकाळी मशीन सुरू होण्याआधी आणि संध्याकाळी बंद झाल्यावर मीटरचा फोटो काढा. तास-मीटर इंजिन चालू असेपर्यंत फिरतो, बकेट हलो न हलो. जेवणाच्या सुट्टीत इंजिन बंद झालं पाहिजे, हे पहिल्याच दिवशी सांगा. वीस टनी मशीन तासाला १२ ते १६ लिटर डिझेल पितं, ब्रेकर (खडक फोडायची छिन्नी) लावल्यावर आणखी. डिझेल तुमचं असेल तर टाकी भरतानाही मीटर लिहून ठेवा.

दात बघा. बकेटचे दात बोथट असतील तर मुरमातही तासाला पाच-दहा घनमीटर कमी निघतात. दात झिजून आतला अडॅप्टर (दात ज्यावर बसतो तो भाग) उघडा पडलेला दिसला तर काम सुरू करण्याआधी बदलून घ्यायला सांगा. खडकात दात निखळला तर तो शोधून बाहेर काढलाच पाहिजे. मातीत राहिला तर पुढे कागदाखाली येतो.

चुना_दोरी

मशीन कुठलंही घ्या, आखणी चुकली तर काही उपयोग नाही. आखणी अशी:

चार खुंट्या ठोकून ३० मीटरचा चौकोन धरा. दोन्ही कर्ण ४२.४३ मीटर आले पाहिजेत. १० सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर खुंटी हलवा. त्याच्या आत सगळीकडून ३ मीटर सोडून २४ चा दुसरा चौकोन. दोन्हींवर फक्कीच्या (चुन्याच्या भुकटीच्या) रेघा. पोकलेनने आधी आतला चौकोन सरळ खाली न्यायचा आणि उताराचा भाग नंतर कापायचा. उलट केलं, म्हणजे आधी वरच्या रेघेपासून अंदाजाने तिरकं कापत गेलं, की पोट सुटतं: उतार मध्ये फुगीर आणि तळाशी एकदम उभा. मग कागद तिथे ताणला जाऊन फाटतो.

बाहेरच्या खुंट्यांपासून २ मीटर दूर चार जादा खुंट्या ठोकून ठेवा. पहिल्या तासातच आतल्या खुंट्या उडतात, नंतर कोपरा सापडत नाही.

खोली मोजायची ती मूळ जमिनीपासून. ढिगाच्या माथ्यावरून टेप सोडला की ३ मीटर दिसतात आणि प्रत्यक्षात २.७ असतात. तळाच्या त्या ३० सेंटिमीटरमध्ये पावणेदोन लाख लिटर पाणी मावतं. चार कोपरे आणि मध्य, पाचही ठिकाणी मोजा. मधला भाग बहुतेक वेळा उंच राहतो, कारण तिथे मशीन उभं असतं.

उताराला शेवटचा हात फिरवताना बकेटच्या दातांवर लोखंडी पट्टी वेल्ड करून घ्या. दातांच्या रेघोट्या राहिल्या की कडेचे खडे सुटे होतात. मशीन काठाला काटकोनात, चेनीचे स्प्रॉकेट (चेन फिरवणारी दातेरी चाकं) मागच्या बाजूला. बूम आणि आर्म (मशीनच्या हाताचे दोन भाग) एकदम हलवून खालून वर एकच सलग ओढ घ्यायची. १:१ ला उताराची लांबी ४.२४ मीटर, वीस टनी मशीनच्या आवाक्यात सहज येते. ४५ अंशांचा लाकडी त्रिकोण आणि पाण्याची पातळी घेऊन दर ५ मीटरवर तपासा.

उकरलेली माती काठापासून किमान १ मीटर लांब. काठावरच रचली तर पहिल्या मोठ्या पावसात ढीग उतारासकट आत बसतो.

माळरान_सांगोला

फार मोलाची माहिती, सगळ्यांचे आभार. चाचणी खड्डा काढून बघितला. अडीच मीटरवर मांजऱ्या लागला. आता ब्रेकर लावून उरलेलं अर्धा मीटर फोडायचं, की तळं अडीच मीटरच ठेवायचं?

चुना_दोरी

फोडू नका. बांध अर्धा मीटर वर घ्या.

तळाचं शेवटचं अर्धा मीटर म्हणजे ३०० घनमीटर खडक. तोच अर्धा मीटर जमिनीच्या वर उचलला तर वरचं माप ३१ × ३१ होतं आणि जागा ४६५ घनमीटर वाढते. तळं उतरतं असल्यामुळे वरचा थर खालच्यापेक्षा नेहमी मोठा. एकूण खोली तीच ३ मीटर, साठा २,१९६ ऐवजी २,३६० च्या घरात, खोदाई १,९०० वर थांबते. कागद थोडा जास्त लागतो: उतार आणि तळ मिळून १,०३४ चौरस मीटरऐवजी ११००, काठाच्या चरातला भाग वेगळा. पंपाने भरणार असल्यामुळेच हे जमतं.

फक्त बांध नुसता ओतून चालणार नाही. जागेवरची माती आणि गवत आधी काढा. २०-२५ सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर किंवा भरलेली ट्रॉली फिरवा. माथा दीड मीटर रुंद. बांधाखाली आता १ मीटरची मोकळी पट्टी नको, आतला उतार सलग वर गेला पाहिजे. अनुदानाचं तळं असेल तर हा बदल खोदाईआधी सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहाय्यक) दाखवून घ्या, मोजमाप मंजुरीप्रमाणेच होतं.

तास_आणि_डिझेल

सहमत. तरी कुठे खडकाचा उंचवटा लागलाच तर आधी एकदाती रिपर (बकेटच्या जागी लावायचा एका दाताचा आकडा) लावून बघा. मांजऱ्यात बारीक छिद्रं आणि भेगा असतात, पुष्कळदा तो ओढूनच निघतो. ब्रेकर काळ्या पाषाणासाठी. तो चालवताना छिन्नी खडकाला काटकोनात हवी. एका जागी अर्ध्या मिनिटात तडा गेला नाही तर जागा बदलायची, नाहीतर छिन्नी तापून टोक मऊ पडतं. छिन्नीने दगड उचकटायचे नाहीत, ती तिथेच मोडते. दर दोन तासांनी ग्रीस.

बूम_आर्म_बकेट

खडकाच्या तळावर कागद थेट टाकू नका. टोकं फोडून घ्या आणि वर १० सेंटिमीटर चाळलेल्या बारीक मातीचा थर दाबून बसवा. ५०० मायक्रॉनचा कागदही एका टोकदार खड्यावर तीन मीटर पाण्याच्या दाबाखाली टिकत नाही. कागद अडकवायचा चर दीड फूट रुंद, दीड फूट खोल, काठापासून अर्धा मीटर मागे. हे जेसीबीच्या दीडफुटी बकेटचं काम.

तळ्यावरून किंवा शेजारून ११ केव्हीची तार जात असेल तर जागाच बदला. पोकलेनची बकेट ९ मीटरच्या वर जाते, शेतातली तार त्याच्या खाली असते. जागा बदलणं शक्यच नसेल तर महावितरणकडे अर्ज देऊन काम होईपर्यंत पुरवठा बंद ठेवायला लावा. ठिबकची मेनलाइन कुठून जाते तेही ऑपरेटरला चालत जाऊन दाखवा, तोंडी सांगून नको.

मुरूम शेतातच पसरणार असाल तर ठीक. बाहेर द्यायचा किंवा विकायचा तर तहसील कार्यालयातून गौण खनिजाची परवानगी आधी घ्या, नाहीतर ट्रॉल्या जप्त होतात.

आणि कागद अंथरला त्याच दिवशी चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि हवा भरलेल्या ट्यूब बांधा. कुंपण नंतर होईल, दोर त्याच दिवशी. ओल्या कागदावरून पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही.