'लोकलहोस्ट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

नव्याने रुजू झालेल्या मुलांसाठी डॉकरवर (प्रोग्रॅम वेगळ्या बंदिस्त डब्यात, म्हणजे 'कंटेनर'मध्ये, चालवणारं साधन) मराठीत टिपणं लिहितोय. 'होस्ट'ला 'यजमान' केलं, त्याच ओघात 'लोकलहोस्ट'ला (मशीनने स्वतःलाच हाक मारायचं नाव) 'स्थानिक यजमान'. परवा एका मुलीने विचारलं, "सर, ज्या मशीनवर कंटेनर चालतो ते यजमान ना? मग कंटेनरमधून स्थानिक यजमानाला हाक मारली तर माझ्या लॅपटॉपवरचा पोस्टग्रेस डेटाबेस का सापडत नाही?" तिचा तर्क बरोबर होता, माझ्या शब्दाने तिला चुकवलं. दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद

नुसत्या 'होस्ट'ला 'यजमान' चालेल. शब्द 'यज्' धातूवरून आला. आधी यज्ञ करवणारा, मग घरधनी, पाहुणचार करणारा, आणि 'आमचे यजमान बाहेर गेलेत' यातला नवरासुद्धा. पण या सगळ्यांत कोणीतरी एक ठरलेला माणूस आहे. लोकलहोस्ट ठरलेला नसतो. ते नाम नाहीच, सर्वनाम आहे.

'आत्याने आईला आपल्या घरी नेलं.' घर कोणाचं? आत्याचं. मराठीतलं 'आपला' वाक्याच्या कर्त्याकडे वळतं, लोकलहोस्टही तसंच. लिनक्समध्ये प्रत्येक कंटेनरला एरवी स्वतंत्र नेटवर्क नेमस्पेस (नेटवर्कचं वेगळं घर) मिळते, तिच्यात त्याचा स्वतःचा १२७.०.०.१, म्हणजे लोकलहोस्टचा पत्ता, असतो. कंटेनरमधला प्रोग्रॅम 'लोकलहोस्ट' म्हणाला की तो कंटेनरच्याच घरात शोधतो. तिथे पोस्टग्रेसच्या नेहमीच्या ५४३२ पोर्टवर कोणी नाही.

प्रश्नकर्ता

हे पटलं. मग बाहेरच्या मशीनला कंटेनरने काय म्हणून हाक मारायची?

प्रतिसाद

तिथे विशेषनाम लागतं. डॉकर डेस्कटॉपवर 'होस्ट.डॉकर.इंटर्नल' हे नाव तयार मिळतं. लिनक्सवरच्या नुसत्या डॉकर इंजिनात ते आपण द्यावं लागतं: २०.१० आवृत्तीपासून 'ॲड-होस्ट' पर्यायात त्या नावापुढे 'होस्ट-गेटवे' लिहायचं. ते नाव मग डॉकरच्या ब्रिजच्या (कंटेनर आणि मशीन यांना जोडणारं आभासी नेटवर्क) पत्त्यावर जातं, बहुतेक ठिकाणी १७२.१७.०.१.

प्रश्नकर्ता

तिच्याकडे लिनक्सच आहे. नाव दिलं, पण आता 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतंय. टिपणात मी याला 'जोडणी नाकारली' लिहिलंय, म्हणून ती पासवर्ड तपासत बसली आहे.

प्रतिसाद

'नाकारली' म्हटलं की आत कोणीतरी आहे, त्याने पाहिलं आणि नको म्हणाला, असं वाटतं. इथे बहुधा उलट असतं. त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर ऐकायला कोणी नाही, म्हणून मशीनचा कर्नलच (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) परस्पर 'नाही' कळवतो. पासवर्डपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. मी 'दाराशी कोणी नाही' लिहीन. 'टाइम्ड आउट' वेगळं: हाक मारली आणि काहीच उत्तर आलं नाही. तेव्हा आधी फायरवॉल बघावी, ती बरेचदा पॅकेट मुकाट्याने टाकून देते.

तिला लॅपटॉपवर 'एसएस -एलटीएन' चालवायला सांगा; कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर ऐकलं जातंय ते ही आज्ञा दाखवते. ५४३२ च्या ओळीत १२७.०.०.१ दिसलं तर उत्तर तिथेच आहे. पोस्टग्रेसने कोणत्या पत्त्यांवर ऐकायचं ते ठरवणाऱ्या 'लिसन_ॲड्रेसेस' सेटिंगमध्ये मुळात 'लोकलहोस्ट' असतं. म्हणजे तोही म्हणतोय 'मी आपल्या घरातलंच ऐकेन', आणि त्याचं 'आपलं' म्हणजे लॅपटॉप. शब्द एक, बोलणारे दोन, घरं दोन.

आणखी एक प्रतिसाद

उपाय म्हणून लोक त्या सेटिंगमध्ये सरळ ०.०.०.० लिहितात. त्याचा अर्थ 'सगळ्या इंटरफेसवर (मशीनच्या नेटवर्कच्या दारांवर) कान', म्हणजे कॉलेजच्या किंवा हॉटेलच्या वायफायवरही. हे टिपणात ठळक लिहाच. लोकलहोस्टच्या जोडीला फक्त १७२.१७.०.१ घालून पोस्टग्रेस पुन्हा सुरू केला तरी काम भागतं. त्यानंतर 'पीजी_एचबीए'मध्ये (कोणाला आत घ्यायचं ते ठरवणारी पोस्टग्रेसची फाइल) नोंद नाही अशी तक्रार आली तर घाबरायचं नाही: आता दाराशी माणूस आहे आणि तो नाव विचारतोय. कंटेनरच्या पत्त्यांची ओळ त्या फाइलमध्ये घालायची.

प्रश्नकर्ता

एसएसमध्ये १२७.०.०.१ च होतं. पत्ता वाढवला, मग पीजी_एचबीएची तक्रार आली, ओळ घातली, चाललं. 'स्थानिक यजमान' सगळीकडून काढला. शब्द 'लोकलहोस्ट'च ठेवलाय, पहिल्यांदा येतो तिथे ही ओळ घातली: "लोकलहोस्ट म्हणजे बोलणाऱ्याचं आपलं घर. वाचताना आधी विचारा, बोलतंय कोण?"