केसमेंट पार्क: बांधायचं की नाही, आणि बांधायचंच तर केवढं?

बेलफास्टकर:
आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर परवा केसमेंट पार्कवरून एवढी जुंपली की अ‍ॅडमिनने विषयच बंद केला, म्हणून इकडे धागा काढतोय. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वेस्ट बेलफास्टमधे अँडरसन्सटाउन रोडला लागून हे गेलिक खेळांचं मैदान आहे, म्हणजे हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल. अँट्रिम काउंटीचं होम ग्राउंड, १९५३ ला सुरू झालं आणि २०१३ पासून कुलूप. २०११ मधे स्टॉरमाँटने, म्हणजे इथल्या नॉर्दर्न आयर्लंडच्या सरकारने, ठरवलं होतं की तीन खेळांना तीन स्टेडियम नीट करून द्यायची, रग्बीला रेव्हनहिल, सॉकरला विंडसर पार्क आणि जीएएला, म्हणजे गेलिक खेळांच्या संघटनेला, केसमेंट. रेव्हनहिल २०१४ ला झालं, विंडसर २०१६ ला झालं. केसमेंटचं काय झालं तर जुने स्टँड पाडले, ते पण २०२४ मधे.

माझं मत: बांधा, आणि लवकर बांधा. पण ३४,५०० सीटांचा हट्ट सोडा. स्टॉरमाँटचे सव्वासहा कोटी पौंड, आयरिश सरकारचे ५ कोटी युरो, जून २०२५ मधे लंडनने कबूल केलेले ५ कोटी पौंड आणि जीएएचे स्वतःचे दीड कोटी, सगळं मिळून साधारण १७ कोटी पौंड होतात. प्लॅन आहे २६-२७ कोटींचा. वरचे नऊ-दहा कोटी कोण देणार यावरच गाडी अडलीय आणि रोज कोणीतरी कोणाकडे तरी बोट दाखवतंय. १७ कोटीत जे बसतं ते बांधा ना राव.

हिशेबनीस:
१७ कोटी "आहेत" असं तुम्ही अगदी खिशात असल्यासारखं लिहिलंय, पण ते पब्लिकचे पैसे आहेत ना? नॉर्दर्न आयर्लंडमधे हॉस्पिटलच्या वेटिंग लिस्टा अख्ख्या यूकेत सगळ्यात वाईट, लॉक नेइ तलावात दर उन्हाळ्यात हिरवं शेवाळ, सांडपाण्याच्या लाईनला कपॅसिटी नाही म्हणून नवीन घरांची कनेक्शनं अडकलीत. आणि तिथे स्टेडियम? तेही अशा संस्थेला जिच्याकडे डब्लिनमधे ८२ हजारांचं क्रोक पार्क आहे आणि जिथे दर उन्हाळ्यात मोठमोठ्या बँडच्या कॉन्सर्ट होतात. जीएएने स्वतः काढावं की कर्ज.

डब्लिनवाली:
हिशेबनीस, क्रोक पार्कचे पैसे काय कोणी मालक घरी नेतो का? जीएएत खेळाडूंना पगार नसतो. ऑल आयर्लंड फायनल खेळणारा माणूस सोमवारी शाळेत शिकवायला किंवा गोठ्यात असतो. आलेला पैसा गावोगावच्या क्लबांत जातो, आमच्या एरियातल्या क्लबमधे दर शनिवारी सकाळी शेकडो पोरं असतात आणि कोच सगळे फुकट राबणारे आईबाप. माझा मुलगा पण जातो, हर्लिंगची अ‍ॅश लाकडाची काठी, म्हणजे हर्ली, त्याच्याएवढीच उंच घेतली होती पहिल्यांदा, कोचने बघितली, हसला आणि करवतीने कापून दिली तिथेच. अशा संस्थेला सरकारने मदत केली तर पोटात का दुखतं? सॉकर आणि रग्बीला दिली तेव्हा वेटिंग लिस्टा नव्हत्या का?

हिशेबनीस:
होत्या. पण त्यांनी ठरल्या पैशात आटोपलं. विंडसर आणि रेव्हनहिल दोन्ही १८ हजारांच्या आसपास आहेत. कोणी ३४ हजार मागितले नाहीत. आणि तुमच्या कॉर्कचंच बघा ना, जीएएचं पार्क ई खीव स्टेडियम २०१७ ला नवीन करून उघडलं, खर्च ठरल्यापेक्षा कितीतरी वर गेला आणि कर्ज बसलं जीएएच्याच डोक्यावर. अनुभव असून परत तेच करायचं?

बेलफास्टकर:
हेच तर मी म्हणतोय की, साइज कमी करा!

अल्स्टरफॅन:
साइज कमी करा म्हणणारे एकदा अल्स्टर प्रॉव्हिन्सच्या गेलिक फुटबॉल फायनलला क्लोनेसला जाऊन या मग बोला. जेमतेम दोनेक हजार वस्तीचं गाव, बॉर्डरच्या पलीकडे आयर्लंड देशातल्या मोनाहन काउंटीत, आणि तिथे एका दिवसात पंचवीस-तीस हजार माणूस. मजा येते, नाही म्हणत नाही, उभी चढणीची गल्ली, दोन्ही बाजूला पब, चिप्सचा वास, गाड्या शेतात लावून माणसं मैल मैल चालत येतात. पण प्रॉव्हिन्सचं सगळ्यात मोठं शहर बेलफास्ट आणि फायनल तिथे होऊ शकत नाही हा काय प्रकार आहे? १८-२० हजारांचं बांधलंत तर अल्स्टर फायनल कायमची क्लोनेसलाच राहणार, मग बांधून उपयोग काय? अँट्रिमच्या लीग मॅचेसना कॉरिगन पार्क पुरतंय की सध्या. केसमेंट पाहिजे ते मोठ्या दिवसासाठीच.

खडूस_काका:
म्हणजे वर्षातून एक-दोन दिवसांसाठी २७ कोटी पौंड. छान.

(पुण्यातून वाचतोय, तिकडे कधी गेलेलो नाही, पण बोलायला काय जातं.)

अल्स्टरफॅन:
काका, वर्षातून आयपीएलच्या सात मॅचेससाठी आपल्याकडे काय काय बांधतात ते बघा आधी.

पूर्वबेलफास्ट_वहिनी:
मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, इथे फुटपाथच्या कडेचे दगड लाल-पांढरे-निळे रंगवलेले असतात आणि जुलैत दारोदारी युनियन जॅक. माझे शेजारी सगळे विंडसर पार्कवाले. त्यांची बाजू कोणी मांडतच नाहीये म्हणून लिहिते, ती माझी आहे असं नाही. त्यांचं म्हणणं, सव्वासहा कोटी ठरले होते ते द्या, आमची ना नाही. स्टॉरमाँटचे मंत्री गॉर्डन लायन्स, ब्रिटनबरोबर राहायच्या बाजूच्या डीयूपी पक्षाचे, त्यांची भूमिका पण तशीच आहे, ठरलेले पैसे तसेच ठेवलेत. पण वर वाढवून द्यायचे तर सगळ्यांना द्या. लोकल सॉकर क्लबांसाठी २०११ लाच ३ कोटी ६२ लाख पौंड कबूल केले होते, तेही वर्षानुवर्षं तसेच पडून राहिले, छोट्या क्लबांची टॉयलेटं गळतायत. ते कोणी धागा काढून विचारत नाही.

आणि दुसरं कारण कोणी उघड बोलत नाही पण आहे. मार्च १९८८ मधे आयआरएच्या, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या, एका माणसाच्या अंत्ययात्रेत दोन ब्रिटिश सैनिकांची गाडी घुसली, जमावाने त्यांना बाहेर ओढलं, ह्याच केसमेंट पार्कात नेऊन मारहाण केली, आणि मग जवळच्या मोकळ्या जागेत आयआरएने गोळ्या घातल्या. हेलिकॉप्टरमधून शूटिंग झालेलं, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. माझ्या शेजारच्या आजींना केसमेंट म्हटलं की तेच डोळ्यासमोर येतं. हर्लिंग वगैरे काही नाही.

अल्स्टरफॅन:
वहिनी, त्याच्या तीनच दिवस आधी मिलटाउन कब्रस्तानात अंत्ययात्रेवर एका लॉयलिस्टने, म्हणजे कट्टर ब्रिटनवाद्याने, ग्रेनेड आणि गोळ्या चालवून तिघांना मारलं होतं, ती अंत्ययात्रा त्याच तिघांपैकी एकाची. लोकांना वाटलं परत हल्ला झाला. सत्तरच्या दशकात ब्रिटिश आर्मीने ह्याच मैदानात तळ ठोकला होता, ते कोणाच्या डोळ्यासमोर येतं? अशी यादी काढायला बसलो तर बेलफास्टमधे एक बस स्टॉप बांधता येणार नाही.

पूर्वबेलफास्ट_वहिनी:
मी झाल्या प्रकाराचं समर्थन की निषेध यात पडतच नाहीये. फक्त सांगतेय की "खेळाचं मैदान आहे हो, त्यात काय एवढं" हे वाक्य इथे अर्ध्या शहराला पटत नाही.

डब्लिनवाली:
विरोध करणारे मैदानाच्या नावाचा पण मुद्दा काढतात ना. रॉजर केसमेंट. पण गंमत बघा, हा माणूस अँट्रिममधल्या प्रोटेस्टंट घराण्यातला, बॅलिमेनाला शाळेत, ब्रिटिश सरकारचा कॉन्सल, काँगोत रबरासाठी लोकांचे हात तोडत होते ते त्याने रिपोर्ट लिहून जगापुढे आणलं, पुढे अ‍ॅमेझॉनमधल्या रबरवाल्यांचे अत्याचार उघड केले त्याबद्दल १९११ मधे सर ही पदवी मिळाली. आणि मग जर्मनांकडून आयर्लंडच्या बंडासाठी शस्त्रं आणायला गेला म्हणून ऑगस्ट १९१६ मधे फाशी. टिळकांनी होमरूल लीग काढली तेच साल. ब्रिटनबरोबर राहायचंय त्या युनियनिस्टांना तो गद्दार वाटणार, आयरिश राष्ट्रवाद्यांना हुतात्मा, आणि काँगोवाल्यांना बहुतेक देवमाणूस.

खडूस_काका:
नाव बदला आणि मोकळे व्हा. सगळीकडे कंपनीचं नाव लावतात आता.

डब्लिनवाली:
काका, कॉर्कच्या स्टेडियमच्या नावापुढे सुपरमार्केटचं नाव लावायचं म्हटलं तर केवढा गदारोळ झाला होता. इथे तर दंगल होईल.

गिरगावकर:
मला या भांडणात मुंबईचं जुनं क्रिकेट आठवतंय. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन आणि नंतर "द रेस्ट" अशा टीमा, पाच टीमांचं पेंटँग्युलर. तुफान गर्दी, पास मिळवायला वशिला लागायचा म्हणतात. १९४० मधे गांधीजींनी याला विरोध केला आणि १९४६ नंतर ते बंदच झालं. तेव्हाही म्हणणारे होते की खेळात कसला आलाय जातीयवाद, लोक मजेत बघतात. पण मरीन ड्राइव्हला आजही हिंदू जिमखाना, पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना रांगेत उभे आहेतच, कोणी पाडले नाहीत. माझा प्रश्न: तीन खेळांना तीन वेगळी स्टेडियम हा आयडियाच चुकीचा नाही का? सरकारी पैशाने भेदाभेद पक्का करायचा? एकच बांधायचं सगळ्यांना.

बेलफास्टकर:
गिरगावकर, तेही ठरलं होतं हो. मेझ तुरुंगाच्या जागेवर, जिथे १९८१ मधे आयरिश बंडखोर कैद्यांचं उपोषण झालं आणि दहा जण मेले, तिथे सॉकर, रग्बी आणि गेलिक तिघांचं एक स्टेडियम करायचा प्लॅन होता. २००९ मधे गुंडाळला. सॉकरवाल्यांना शहराबाहेर जायचं नव्हतं, काहींना वाटत होतं तिथे उपोषणवाल्यांचं तीर्थक्षेत्र होईल. मग हे तीन वेगळे असा तोडगा निघाला. आणि आता तिसऱ्याच्या वेळी म्हणायचं की वेगळे हवेतच कशाला? दोघांचं जेवण झाल्यावर पंगत उठवल्यासारखं आहे हे.

गिरगावकर:
पण मग गेलिकवाल्यांनी तरी दार किती उघडं ठेवलंय? पोलिसांना आणि ब्रिटिश सैनिकांना मेंबर होता येणार नाही असा नियम होता ना त्यांचा?

डब्लिनवाली:
होता, नियम २१, २००१ मधे काढून टाकला. आणि २००७ मधे क्रोक पार्कला इंग्लंडची रग्बी मॅच झाली, १९२० मधे जिथे ब्रिटिश फौजांनी मॅच चालू असताना गोळ्या घालून १४ जणांना मारलं त्याच मैदानात "गॉड सेव्ह द क्वीन" वाजलं आणि स्टेडियम शांत उभं राहिलं. २०१८ मधे डीयूपीच्या आर्लीन फॉस्टर क्लोनेसला अल्स्टर फायनल बघायला गेल्या, आयरिश राष्ट्रगीताला उभ्या राहिल्या. २०२० मधे ईस्ट बेलफास्टला जीएए क्लब निघालाय, बोधवाक्य इंग्लिश, आयरिश आणि अल्स्टर-स्कॉट्स तिन्ही भाषांत.

पूर्वबेलफास्ट_वहिनी:
त्या क्लबला धमक्या पण आल्या, ते पण लिहा. आणि अजूनही उपोषणात मेलेल्यांच्या नावाचे जीएए क्लब आहेत, डंगिव्हनचा केव्हिन लिंच क्लब बघा. बदललं ते बदललं, जे नाही बदललं ते पण आहे.

मागच्या_गल्लीतला:
सगळे हिंदू-मुस्लिम, कॅथलिक-प्रोटेस्टंट करत बसलेत. मी मैदानाच्या मागे भाड्याने राहतो. पहिला ३८,००० चा प्लॅन २०१३ मधे मंजूर झाला तो कोणी हाणून पाडला? युनियनिस्टांनी नाही. मूरलँड आणि ओवेनवारा ह्या गल्ल्यांतल्या रहिवाशांनी कोर्टात जाऊन डिसेंबर २०१४ मधे रद्द करून घेतला. बरेचसे कॅथलिक, घरात जीएएच्या जर्स्या असलेले लोक. परसात कपडे वाळत घालतो आम्ही त्याच्या भिंतीला लागून स्टँड येणार, ऊन बंद. नंतर २०१५ मधे सेफ्टीच्या एक्स्पर्टनेच सांगितलं की इमर्जन्सीत एवढी माणसं बाहेर काढायची कशी याचं धड उत्तर नाही. एक बाजू मेन रोड, बाकी सगळीकडे घरं. २०२१ मधे ३४,५०० ला परवानगी मिळाली, परत कोर्टात गेले, २०२२ मधे हरले. कायद्याने मिटलं, पण जागा तेवढीच आहे ना, ती काय परवानगीने वाढली नाही.

बेलफास्टकर:
हा खरा मुद्दा आहे आणि यात धर्माचा काही संबंध नाही. पहिल्या दिवशी २५ हजार म्हटले असते तर २०१६ मधेच विंडसरबरोबर रिबन कापली असती असं माझं ठाम मत आहे. मग मधे युरो २०२८ ह्या सॉकर स्पर्धेची हवा डोक्यात गेली. ऑक्टोबर २०२३ ला यूके-आयर्लंडला स्पर्धा मिळाली तेव्हा खर्च १८ कोटी पौंड धरला होता, सप्टेंबर २०२४ मधे लंडनने सांगितलं की तो ४० कोटींच्या वर जाऊ शकतो आणि वेळेत होणारच नाही, म्हणून आम्ही पैसे देत नाही. एक गेलिक मैदान, जिथे सॉकर खेळलाच जात नाही, ते सॉकरच्या स्पर्धेच्या नावावर बांधायचं, तेही अशा लोकांच्या संमतीने ज्यांची स्वतःची टीम विंडसरला खेळते. कोणाच्या डोक्यातून निघालं होतं देव जाणे.

अल्स्टरफॅन:
युरो नसतं तर लंडन आणि डब्लिन दोघांनीही हात खिशात घातला नसता. हवा म्हणा काय म्हणा, १० कोटींच्या जवळपास पैसे त्याच हवेने आणले. आणि २५ हजारांचं बांधायचं तर परत नवीन डिझाइन, परत प्लॅनिंग, परत मागच्या गल्लीतले कोर्टात. चार-पाच वर्षं गेली, तोवर सिमेंटचे भाव अजून वर. आहे त्या परवानगीवरच बांधायला पाहिजे, तुटीचे पैसे स्टॉरमाँट आणि जीएएने निम्मे-निम्मे करावेत.

मागच्या_गल्लीतला:
आम्ही २५ हजारांना कोर्टात जाणार नाही. म्हणजे निदान मी तरी नाही, भाडेकरूला कोण विचारतो म्हणा.

हिशेबनीस:
निम्मे-निम्मे म्हणजे स्टॉरमाँटचे अजून साडेचार-पाच कोटी. मग वहिनींच्या शेजाऱ्यांच्या क्लबांना किती? रग्बीला किती? तो आकडा पण त्याच कागदावर लिहा, मग मी विरोध करणार नाही. तोपर्यंत माझं मत नाहीच.

पूर्वबेलफास्ट_वहिनी:
हे मी शेजारच्या काकांना विचारून आले आत्ता. ते म्हणाले क्लबांचं आधी करा, केसमेंट चालेल. आजी मात्र नाहीच म्हणाल्या.

खडूस_काका:
म्हणजे आता फक्त आजी राहिल्या.

अल्स्टरफॅन:
आणि कॅबिनेटमधल्या अर्ध्या मंत्र्यांच्या मतदारसंघात अशा आजी आहेत काका, तिथेच तर अडलंय.